दोन ऑर्केस्ट्रा आणि एक चादर

आमच्या घरात देवावर विश्वास होता, प्रसादावर नव्हता. शेजारून कोणी वाटीभर शिरा आणून दिला की बाबा आधी विचारणार, आज कशाबद्दल? वाढदिवस म्हटलं तर कोणाचा, आणि पूजा म्हटलं तर आम्हाला आधी का नाही सांगितलं? शिरा मग सगळा खायचे, पण ताकही फुंकून प्यावं तसा.

त्यांची नोकरीच तशी होती. गिरणीत ते फोल्डिंग खात्यात होते. तयार कापड टेबलावरून सरकत जायचं आणि बाबा त्यातले दोष शोधायचे. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही, तेव्हा साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागले. तिथेही काम तेच, फक्त कापडाच्या जागी लोखंडाचे सुटे भाग. दिवसभर दोष शोधणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन डोळे कुठे ठेवणार? ते आमच्यावर फिरायचे. ताईने केस दोनदा विंचरले तरी त्यांच्या ध्यानात यायचं. आणि ते माझ्याकडेही आलंय. दार वाजलं की मी आजही आधी विचार करते, यांना काय हवं असेल.

बाबांनी ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा एकच माणूस होता, तो म्हणजे समोरच्या चाळीतले काका. नात्याने कोणी नव्हते. बाबांच्याच गावचे, बाबांच्याच गिरणीतले, आणि दोघांनी घाटकोपरच्या टेकडीखाली समोरासमोर खोल्या घेतल्या होत्या. एकमेकांशी ते फक्त मालवणीत बोलायचे, आणि बोलताना हसायचे. बाबा मोठ्याने हसतात हे आम्हाला काका आले की कळायचं.

दोन्ही चाळींच्या मध्ये पटांगण होतं आणि पटांगणात गणपती बसायचा. त्या दिवसांतल्या शनिवारी ऑर्केस्ट्रा. खुर्च्या कोणी भाड्याने आणत नसे. दुपारची जेवणं झाली की प्रत्येक घरातून कोणीतरी चादर घेऊन खाली जायचं, जागा बघून ती पसरायचं आणि चार कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवून वर यायचं. याला चादर टाकणं म्हणत. संध्याकाळी येऊन ज्याने त्याने आपापल्या चादरीवर बसायचं, दुसऱ्याच्या चादरीला हात लावायचा नाही. आमच्यात आणि काकांच्यात तर ठरलेलंच होतं, की ज्याला आधी वेळ मिळेल त्याने चादर टाकायची, ती दोन्ही घरांची. सगळी मिळून दाटीवाटीने त्याच एका चादरीवर बसायची.

मग मंडळ फुटलं. काका मिटिंगमध्ये म्हणाले, दरवर्षी बाहेरचा ऑर्केस्ट्रा कशाला, आपलीच पोरं गातात, वाजवतात, यंदा घरचाच करू. काका स्वतः ढोलकी छान वाजवायचे. बाबा मंडळाचे सेक्रेटरी. त्यांना लगेच यात पाणी मुरताना दिसलं. ते भर मिटिंगमध्ये म्हणाले, तुला स्टेजवर मिरवायचंय, म्हणून पोरांचं नाव पुढे करतोयस. त्या माणसावर घेतलेला तो पहिला संशय. काकांनी छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि निघून गेले. त्यांच्यामागे अर्धी पोरं गेली. पुढच्या वर्षी पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, दुसरा गणपती बसला.

दोघांचाही ऑर्केस्ट्रा शनिवारीच, रात्री आठला. शनिवार सोडायला कोणी तयार नव्हतं. बाबांचं म्हणणं, आपली तारीख कोणीतरी तिकडे फोडली. खरं तर शनिवार ही काय फोडायची गोष्ट आहे, पण तपास सुरू झाला. आधी संशय स्पीकरवाल्यावर, कारण त्याचेच कर्णे दोन्हीकडे लागले होते. तो म्हणाला, मी फक्त वायर ओढतो, शेठ. बाबा आम्हाला म्हणाले, बघा, किती तयारीचं उत्तर आहे.

चाळीतल्या लोकांची मात्र वाट लागली. आमच्याकडे बाहेरून बोलावलेला ऑर्केस्ट्रा, त्यात बाईच्या आवाजात गाणारा एक पुरुष, त्याचं नाव सगळ्या घाटकोपरात झालेलं. तिकडे घरची पोरं. काकांची थोरली मुलगी गाणार, धाकटा बँजोवर, काका ढोलकीवर. दोन्ही ऐकावंसं सगळ्यांनाच वाटत होतं. अर्धा वेळ इथे, मध्यंतरानंतर तिथे, असा बायकांनी नळावर बेतही केला होता. पण दोन्हीकडचे बिल्लेवाले फिरत होते आणि ज्याची चादर जिथे, ते घर त्यांचं, असा हिशोब चालू होता. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारं घर कोणतं, हे पाहण्यात त्या आठवड्यात जेवढी मेहनत झाली तेवढी मांडवाला झाली नसेल.

आईला कुठलाच ऑर्केस्ट्रा नको होता. तिला एवढंच हवं होतं, की गणपती जायच्या आत या दोघांनी एकदा बोलावं. तिने घरच्या गणपतीला तसं मोठ्याने सांगितलंही होतं, बाबांना ऐकू जाईल असं. बाबा म्हणाले, मी कुठे नाही म्हणतोय, त्याने यावं. वर्षभर त्यांचं हेच उत्तर होतं.

शनिवारी आम्हाला चादर टाकायची नव्हती. सेक्रेटरीच्या घरच्यांसाठी पुढे मंडळाचं जाजम होतं. त्यामुळे दुपारी शेजारच्या वहिनी दारात उभं राहून म्हणाल्या, तुमची चादर टाकीकडे पहिल्या रांगेत दिसली हो, तेव्हा आई रात्रीच्या पोळ्या लाटता लाटता थांबली.

बाबा गॅलरीत गेले. पटांगणाच्या त्या टोकाला, स्टेजसमोर अगदी मध्यभागी, हिरव्या चौकड्यांची चादर पसरलेली होती. ती आमची नाही म्हणायला जागाच नव्हती. गिरणीच्या दुकानात कामगारांना सेकंडचा, म्हणजे थोडा दोष असलेला माल स्वस्तात मिळायचा, त्यातलं ते कापड. तसल्या गडद हिरव्या चौकड्या चाळीत दुसऱ्या कोणाच्या दोरीवर वाळताना मी पाहिल्या नव्हत्या. बाबांनी पलंगाखालची पेटी ओढली, उघडली. चादर त्यात नव्हती.

मग चौकशी सुरू झाली. बाबा ओरडले नाहीत. ते ओरडत नसत, विचारत. आईला विचारलं, तू काकूंशी नळावर काय बोलतेस? आई म्हणाली, भाजीचे भाव. ताईला विचारलं, जेवण झाल्यावर तू कुठे गेली होतीस? ताई म्हणाली, कुठे नाही. ती खाली गेली होती हे मला माहीत होतं आणि मी ते सांगितलं. ताई रडायला लागली, त्यामुळे माझी तर खात्रीच पटली. मला तिचा भयंकर राग आला. बाबांचं नाक कापायला निघाली, तेही बहुतेक काकांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या मुलासाठी, असं मी मनात पक्कं करून टाकलं. मागाहून सगळं उलगडलं, पण ती खाली कशाला गेली होती हे तिने मला आजतागायत नीट सांगितलेलं नाही.

आई एवढंच म्हणाली, की पेटीत नसेल तर आणखी कुठे असेल, शोधूया. बाबा म्हणाले, कापड मी ओळखतो. आयुष्य त्यात गेलंय.

दिवेलागणीला ते पायात चपला सरकवून खाली उतरले. मी मागोमाग. पटांगण ओलांडून ते टाकीकडे निघाले तसे लोक बोलायचे थांबले. गेलं वर्षभर त्यांनी दोन मंडळांमधली ती न आखलेली रेघ ओलांडली नव्हती. चादरीपाशी जाऊन ते वाकले, काठ हातात धरला आणि मला दाखवला. काठापासून चार बोटांवर एक उभा धागा सुटलेला होता, त्याची पुसट रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. ही बघ, म्हणाले, आपल्या चादरीची खूण. मग त्यांनी पायाने विटा बाजूला केल्या, चादर ओढली, भर लोकांत झटकली आणि खांद्यावर टाकून परत निघाले. स्टेजवर काका ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. हात थांबला.

हा त्यांचाच डाव, असं बाबा जिना चढताना म्हणाले. आपल्याच घरातलं कोणीतरी फितवून पहिल्या रांगेत चादर टाकायची, म्हणजे उद्या मंडळात सगळे म्हणणार, सेक्रेटरीचं घरच फुटलं.

कार्यक्रम झाले. आम्ही जाजमावर बसलो, आई आणि माझ्यामध्ये ताई, नजरकैदेत असल्यासारखी. बाईच्या आवाजातला माणूस खरोखरच झकास गात होता, पण मधल्या जागेत दोन्हीकडची गाणी एकमेकांत घुसत होती आणि तिकडची ढोलकी आमच्या प्रत्येक गाण्याखाली ऐकू येत होती. बाबा म्हणाले, मुद्दाम जोरात वाजवतोय. थोड्या वेळाने ढोलकी हळू झाली, तेव्हा म्हणाले, आता मुद्दाम हळू वाजवतोय. वहिनी आपला बेत न सोडता मध्यंतरानंतर तिकडे जाऊन आल्या. त्यांनी सांगितलं, की गर्दी इतकी होती तरी पहिल्या रांगेतला तो चादरीएवढा तुकडा तसाच मोकळा होता. तिथे बसायला कोणी धजलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरच्या गणपतीचं विसर्जन झालं. सोमवारी बाबांना सुट्टी होती, ते मखर मोडायला बसले. आधी थर्माकोलचे खांब काढले, मग टेबलावरचं लाल कापड उचललं. लाल कापडाखाली चार घड्या घातलेली हिरव्या चौकड्यांची चादर होती. टेबलाला मधे खड्डा होता, तो भरून यावा म्हणून कोणीतरी ती खाली घातली होती. कोणीतरी म्हणजे बाबांनीच. मखर तेच बांधायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

शनिवारची चादर पलंगावर होती. बाबांनी दोन्ही चादरी शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या काठाला चार बोटांवर तीच रेघ. आई दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, तुम्ही दोघांनी एकच तुकडा आणला होता ना, आणि इथेच बसून अर्धा अर्धा फाडला होता. त्यांची कधी बाहेर निघालीच नाही, म्हणून विसरायला झालं. बाबा त्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग मला म्हणाले, आडवा धागा सुटला तर दोष तेवढ्यापुरता, उभा सुटला तर ताग्याच्या शेवटपर्यंत जातो. खात्यात नवीन येणाऱ्यांना पहिल्या दिवशी मीच हे शिकवायचो. एवढं बोलून ते दोन्ही चादरी मांडीवर घेऊन बसले. बाबांना असं बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली.

आईने ती चादर धुतली, इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आल्यावर बाबा मला घेऊन समोरच्या चाळीत गेले. दार काकूंनी उघडलं, भावोजी या, म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. काका खाटेवर बसले होते. बाबांनी चादर त्यांच्याजवळ ठेवली. म्हणाले, ही तुमची, आमची समजून नेली, चूक झाली. मग काकूंकडे वळून म्हणाले, वहिनी, तुम्हाला त्या दिवशी बसायला जागा राहिली नसेल.

"आम्हाला जागा कशाला लागणार होती?" काका म्हणाले. "मी स्टेजवर, दोन्ही पोरं स्टेजवर, ही मागे सगळ्यांचा चहा करत होती. आमच्या घरातलं खाली बसणारं होतं कोण?"

ते मालवणीत बोलत नव्हते. मास्तर पुस्तकातून वाचतात तसं एकेक शब्द सुटा बोलत होते.

बाबांना समजायला थोडा वेळ लागला. मला आधी समजलं होतं. ज्याला आधी वेळ मिळेल त्याने टाकायची, दोन्ही घरांची.

"मग सांगायचं नाही का रे?" बाबा म्हणाले.

"तुला सांगितलं असतं, तर तू आधी विचारलं असतंस, का बोलावतोयस म्हणून."

काकूंनी चहा ठेवते म्हटलं. बाबा नको म्हणाले. काका उठले, चादर उचलून त्यांनी कपाटावर ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून तिथेच उभे राहिले. मग आम्ही निघालो.

जिन्याच्या वळणावर बाबा थांबले. कठडा धरून त्यांनी मला विचारलं, "खरंच आपल्यासाठी टाकली असेल का गं? की आता आपल्याला लाजवायला म्हणतोय?"

मी म्हटलं, आपल्यासाठीच. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मी इतक्या पटकन उत्तर कसं दिलं, मला कोणी शिकवून ठेवलंय का, हे ते बघत होते.

आई गॅलरीत वाटच पाहत होती. पटांगणातले दोन्ही गणपती अजून जायचे होते. आम्ही वर पोचायच्या आत तिने विचारलं, "बोललात का?"

"बोललो," बाबा म्हणाले. आईने तिथूनच पटांगणाकडे पाहून हात जोडले. तिने मागितलं होतं तेवढं झालं होतं. त्यानंतर बाबा आणि काका एकमेकांशी पुन्हा कधीच बोलले नाहीत.