तांबड्या गाईचे केस

बाल्दानकाका सरळ माणूस. सरळ माणसाशी खोटं बोललं की ते जन्मभर उरावर बसतं, हे मी त्यांच्यामुळे शिकले.

दर नोव्हेंबरला हिवाळ्याच्या मांसासाठी आम्ही शहरातली माणसं त्यांच्याकडूनच अख्खी गाय घ्यायचो; ते माळावर तंबूत राहून गुरं पाळायचे. काका आधी तिचे सगळे दोष सांगायचे. "ही काही फुकटची गाय नव्हे, पोरी. दात मोजून घे!" मग त्यांची बायको, यांजीकाकू, शेपटीचे चार केस कापून तंबूच्या आढ्याला बांधायची. जनावर गेलं तरी बरकत घरात राहावी म्हणून. तोवर दावं आमच्या हाती मिळायचं नाही.

त्या वर्षी काकू अंथरुणाला खिळलेली. काका केस घ्यायला विसरले. आम्ही तांबडी गाय ट्रकमधून उलानबातर शहरात आमच्या घरी आणली, अंगणात कापली आणि मांस मागच्या खोपटात गोठायला टांगलं.

चौथ्या दिवशी काका दारात. तीनशे किलोमीटर आले होते, मिशांवर बर्फ.

"केस दे, पोरी. म्हातारी जेवत नाही. म्हणते, तुम्ही बरकत विकलीत."

कातडं व्यापाऱ्याने कालच नेलं होतं. पण शेजाऱ्याच्या कुंपणावर तसंच तांबडं कातडं टांगलेलं. चहाचं निमित्त करून मी उठले आणि त्याच्या शेपटीचे चार केस कापून आणले. म्हातारी दोन घास खाईल, कुणाचं काय बिघडतंय? काकांनी ते दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले. मला तेव्हाच लाज वाटली.

त्या हिवाळ्यात बर्फाने साऱ्या मुलखाची जनावरं मारली. काकांचं एकही उरलं नाही. काकूही गेली. काका शहरात येऊन एका गोदामावर राखणदार झाले. एका रविवारी आमच्याकडे आले. मांसाचा वाडगा पुढे ठेवला, तर हात लावेनात.

"तिने ते केस हुंगले," ते म्हणाले. "बारा वर्षं त्या गाईचं दूध काढलं होतं तिने. म्हणाली, ही आपली नव्हे, वाटेत कुठूनतरी उपटून आणलेत. मी शपथा घेतल्या. पण मरेपर्यंत बोलली नाही गं माझ्याशी. चाळीस वर्षांचा संसार, पोरी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग. आपल्या गाईचेच होते ना ते?"

"तिचेच, काका."

"मग आजारपणात नाक गेलं असेल बिचारीचं," ते म्हणाले. वाडगा ओढून पोटभर जेवले. त्यांना जेवताना बघून माझं तोंड उघडेना, आणि काका मरेपर्यंत उघडलं नाही.