लॅपटॉपचं बेरिंग

माझा लॅपटॉप मांडीवर घेण्याची चूक मी एकदाच केली. दहा मिनिटांत मांडी भाजली आणि पायाला मुंग्या आल्या. सतरा इंची पडदा, साडेचार किलो वजन, आणि चार्जर म्हणाल तर भिंतीत चिणावा असा विटेएवढा ठोकळा. नाकापेक्षा मोती जड. बॅटरी वीस मिनिटं चालते. तेवढ्यात माणसाने जवळचा प्लग शोधायचा, बाकी काही मनात आणायचं नाही.

मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं करते. पल्लू, बॉर्डर, अंगातली बुट्टी, सगळं एका फाइलीत मावायचं तर पडदा मोठा आणि यंत्र दणकट लागतं. खरं तर टेबलावरचा कॉम्प्युटरच लागतो. पण आई गेल्यापासून गोडादऱ्याच्या चाळीतल्या दीड खोलीत मी आणि माझे वडील, आबा, दोघंच असलो, तरी तिथे टेबल ठेवलं तर दोघांपैकी एकाने जिन्यात झोपावं लागेल. शिवाय डिझाइन दाखवायला मार्केटात व्यापाऱ्यांकडे जावं लागतं. म्हणून हे धूड जुनंच घेतलं, आणि गॅसच्या सिलिंडरसारखं स्कूटरवर पायांत ठेवून गावभर फिरवलं.

त्याला मी दोनदा अपग्रेड केलं. पहिल्यांदा रॅम वाढवली, दुसऱ्यांदा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. दोन्ही वेळा दुकानदार म्हणाला, "बेन, हवे विमाननी जेम चालशे." चालला तो बैलगाडीसारखाच, आवाज मात्र विमानाचा आला. ओळखीतले उंटावरचे शहाणे सांगत, विकून टाक आणि पातळ घे. पातळ लॅपटॉपात म्हणे काही बदलताच येत नाही, बिघडला की सरळ नवा घ्यायचा. ही ज्यांना सोय वाटते त्यांना ती लखलाभ.

अपग्रेड हा शब्द आबांनाही ठाऊक होता, पण तो त्यांना मी शिकवला नव्हता. तीस वर्षं ते ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होते, तिथल्या शेठनी गेल्या वर्षी जुने लूम भंगारात घातले आणि बटणावर चालणारी नवी मशीनं आणली. कारागिरांना एका रांगेत उभं करून सांगितलं, खातं अपग्रेड होतंय. सोबत मिठाईचा एकेक डबा दिला. उद्यापासून येऊ नका, हे गोड बोलून सांगायची शेठ लोकांची पद्धत असते. आबांनी डबा उघडलाही नाही, शेजारी देऊन टाकला.

तेव्हापासून त्यांच्या हातांना काम नव्हतं. आपण आता कशाच्याच उपयोगाचे नाही, हे त्यांच्या मनात बसत चाललं होतं आणि मला ते दिसत होतं. ते दाराची कडी खोलत, पुसत, पुन्हा बसवत. मग मिक्सर. मग शेजाऱ्यांचा कूलर. सगळी चाळ दुरुस्त झाल्यावर उरला फक्त माझा लॅपटॉप.

एक दिवस त्याचा पंखा कुरकुरायला लागला. आबांचे कान लूमच्या खडखडाटात अर्धे गेलेले, पण मशीनचं दुखणं त्यांना तळव्याने कळतं. त्यांनी लॅपटॉपवर हात ठेवला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "येन्हं बेरिंग गयं."

मला हसू आलं. "आबा, हा लूम नाही. यात बेरिंग नसतं," मी तज्ज्ञाच्या थाटात ओरडून सांगितलं. तोवर मी त्याच्या पोटात डोकावूनही पाहिलं नव्हतं. मी तो दुकानदाराकडे नेला. त्याने "सॉफ्टवेअर छे" असं निदान केलं, माझी डिझाइनं तेवढी राखून आतलं बाकी सगळं पुसून नव्याने भरलं, आणि कुरकुर होती तशी परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी नमुने पाहायला कडोदऱ्याच्या प्रिंटिंग मिलमध्ये गेले. परत येऊन बघते तर लॅपटॉप वर्तमानपत्रावर पालथा, आणि आबा झाकण बसवत होते. स्क्रू ताटात, ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने, गोल मांडलेले. शेजारी लांब चोचीची तेलाची कुप्पी. लूमवरून त्यांनी आणलेली तेवढी एकच वस्तू.

"तेल दिधं," आबा म्हणाले. "आते दख, कशी चूप बसनी."

कुरकुर खरंच चूप बसली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझाच लॅपटॉप चालू आहे की बंद, हे वाकून बघावं लागलं. मला मनातून लाज वाटली, आणि बरंही वाटलं. पण 'तुमचं बरोबर होतं' एवढे तीन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. आमच्या घराण्यात कौतुक सणासुदीलाच करतात.

आता लूमवाल्यांचा तेलाचा नियम असा, की कमी पडलं तर मशीन मरतं, जास्त झालं तर पुसून घेता येतं. त्यामुळे आबांनी हात आखडता घेतला नव्हता. पुढच्या सकाळी बारा डिझाइनं व्यापाऱ्याला दाखवायची होती. मी स्कूटर काढणार तेवढ्यात जळकट वास आला, लॅपटॉपखालून चादरीवर तेलाचा ओघळ आला आणि पडदा काळा झाला. डिझाइनांची दुसरी प्रत मी कुठेही ठेवली नव्हती. त्या गाढवपणाचा राग कुणावर काढायचा, हे ठरवायला मला क्षणभरही लागलं नाही.

"शेठनी तुमले उगाच नही काढं!" मी म्हणाले. म्हणाले कसली, आबांना नीट ऐकू जावं म्हणून ओरडले. शेजारणीचा भांडी घासण्याचा आवाजही थांबला. आबांनी कुप्पी पुसली आणि माळ्यावर टाकली.

लॅपटॉप वाचला. या वेळी मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तो उघडला. आमच्या भागात हवेत सुताचे तंतू असतातच. आत तेल आणि तंतू मिळून दिव्याची वात तयार झाली होती. "बेन, आमां तेल कोणे नाख्युं?" त्याने तेल घालणाऱ्याचं नाव विचारलं. मग त्याने पंखा बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बेरिंग तो क्यारनुं गयुं छे." त्याने नवा पंखा बसवला. डिझाइनं सगळी जागच्या जागी होती.

घरी येऊन मी आबांना सांगितलं, बेरिंगच कधीचं गेलं होतं. त्यांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून त्यांनी घरातल्या कुठल्याही मशीनला हात लावला नाही. पाण्याची मोटर लावायची तर म्हणत, "तू लाव." मिक्सर अडकला, "तू दख." खोलीतला पंखासुद्धा माझी वाट बघत बंद असायचा आणि आबा घामाघूम बसलेले. शेठने त्यांना एका खात्यातून काढलं होतं. उरलेल्या सगळ्यातून मी काढलं.

शेवटी मी अक्कल चालवली. लॅपटॉपच्या तळाचा एक स्क्रू ढिला केला. तो असा खडखडू लागला की बहिऱ्याच्याही दातात शिरावा. मी त्यांच्यासमोर बसून काम करू लागले. पहिल्या दिवशी आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी गॅलरीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी उठले, माझ्या हाताखालून लॅपटॉप ओढला, पालथा केला, आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. म्हणजे तो इतके दिवस खिशातच होता.

स्क्रू आवळताना ते एकेक आटा मोजत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपोआप ढिला व्हनारा स्क्रू एखादा आटा फिरस. हाऊ तीन आटा फिरेल शे."

मी चादरीच्या सुरकुत्या काढू लागले.

"माफी मांगनी व्हई ते तोंडवरी मांग," आबा म्हणाले. "मशीनले कसाले तरास?"

मी मागितली. पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात मागितली, ती त्यांना ऐकू गेली नाही. दुसऱ्यांदा ओरडून मागितली, तेव्हा शेजारच्या तिन्ही खोल्यांनी ऐकली.