मायसाठी काय राखलं?

घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, लिहिण्याचा अधिकार नाही. चुकलं तर माफी असावी. परभणीच्या उरुसात एक पाळणेवाले चाचा होते. पोरानं पैसे पुढे केले, की कानावरची विडी चाचपत ते विचारत, "मायसाठी काय राखलं? दाव."

माझ्याकडे शेवटचे दहा पैसे होते.

"हे मायचे. तू पुढच्या साली बस, राजा. पाळणा कुठं पळून जायलाय?"

मी आईसाठी रेवड्या घेतल्या. मग कितीतरी वर्षं गावाहून उरुसाला येणंच झालं नाही.

यंदा शिष्यवृत्ती मिळाली. आधी रेवड्यांचा पुडा घेतला आणि तो दाखवायला पाळण्यापाशी गेलो. तिथे दुसराच माणूस होता.

"चाचा व्हय? दिवाळीतच वारले की. तुमी बसता का?"