तिसऱ्या गिअरची शिट्टी

बाजारामागच्या उतारावर, पत्र्याच्या शेडमध्ये, गेली चौतीस वर्षं मिस्त्री जुन्या गाड्यांचे गिअरबॉक्स उघडत आले होते. बाकीचे मेकॅनिक आधी पाना उचलायचे, हे आधी डोळे मिटायचे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवायची, क्लच दाबायचा, सोडायचा आणि मान तिरकी करून ऐकत राहायचं. मग म्हणायचे, "वरचं बेअरिंग गेलंय." उघडून बघावं तर तेच गेलेलं असायचं. लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणत. या नावाचा त्यांना अभिमान होता, पण कुणी तोंडावर म्हटलं की उगाच कपाळाला आठ्या घालत.

नर्सबाईंची गाडी आली तेव्हा तिचा तिसरा गिअर करकरायचा आणि चढावर आपोआप निसटायचा. गाडी बाईंच्या वडिलांची, तीस वर्षांची. आठवड्यातून तीनदा बाई ती घेऊन घाटापलीकडच्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना बघायला जात. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला, तिसऱ्या गिअरची झिजलेली रिंग बदलली. आत हात घातलाच होता म्हणून एकेक बेअरिंग धुऊन, कानाशी धरून फिरवलं. सगळी गप्प होती. तशीच परत बसवली, नवं ऑइल भरलं.

ट्रायलला निघताना बायकोला तिच्या बहिणीकडे सोडायचं होतं म्हणून तीही गाडीत बसली. तिसरा गिअर लोण्यासारखा पडला. मिस्त्री खूश झाले.

"अहो, ही शिट्टी कसली वाजतेय?" बायको म्हणाली.

"कुठली शिट्टी?"

"ही काय, सारखी. आता थांबली बघा."

त्यांनी नुकताच चौथा टाकला होता. "काचेचं रबर सुकलंय, वारा शिरतो," ते म्हणाले. दुपारी बाई येऊन गाडी घेऊन गेल्या.

संध्याकाळी ते दारात पेपर वाचत बसले होते. बहिणीकडून परतलेली बायको आतून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो, तुमचं घड्याळ कधीचं ओरडतंय. बीपीची गोळी घ्या ना."

मिस्त्रींनी मनगटाकडे पाहिलं. आकडे लुकलुकत होते. त्यांनी घड्याळ उजव्या कानाला लावलं, मग डाव्या. काहीच नाही. बायकोचं बोलणं, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्यांचं भांडण, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. फक्त मनगटावरचं ते बारीक ओरडणं तेवढं त्यांच्यासाठी उरलंच नव्हतं.

त्यांनी गोळी घेतली, पण बसवेना. दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. बेअरिंगची शिट्टीही तसलीच, बारीक. दुसऱ्या-तिसऱ्यात वाजते आणि चौथ्यात गप्प होते, म्हणजे खालच्या शाफ्टचं बेअरिंग. हे ते झोपेतही सांगू शकले असते. आणि तेच बेअरिंग त्यांनी सकाळी कानाशी धरून पास केलं होतं.

"शिट्टी चौथ्यात थांबली होती ना? नक्की?"

"चौथा की पाचवा, मला काय कळतं? तुम्ही दांडा खाली ओढलात आणि ती थांबली."

त्यांनी बाईंना फोन लावला. बंद होता. जेवण गेलं नाही. या कुशीवरून त्या कुशीवर करत पहाट झाली. बाई सातला निघतात हे ठाऊक होतं. साडेसहालाच ते आपली खटारा व्हॅन घेऊन त्यांच्या दारात पोचले. बाई गाडी मागे घेत होत्या. मिस्त्री सरळ गाडीमागे जाऊन उभे राहिले.

"अहो मिस्त्री, चिरडलं असतं ना तुम्हाला! काय झालं?"

"गाडी घाटात नेऊ नका. आतलं बेअरिंग गेलंय."

"काल तर म्हणालात, मुलीसारखी जपलीय!"

"काल मला ऐकू आलं नाही." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "बारीक आवाज आता येतच नाहीत मला. कालच कळलं."

बाई खाली उतरल्या. रागावल्या असाव्यात. पण बोलल्या एवढंच, "तिघंजण वाट बघतायत. एकाची जखम आज धुवायलाच हवी."

"मी नेतो. चला."

दिवसभर मिस्त्रींनी त्यांना व्हॅनमधून तिन्ही वस्त्यांवर फिरवलं. बाई आत गेल्या की हे बाहेर येरझाऱ्या घालत. परतताना बाईंनी कान तपासणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मिस्त्रींनी तो घडी न घालता खिशात कोंबला.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स पुन्हा उघडला. ऑइलमध्ये चांदीसारखा कीस चमकत होता. बेअरिंग त्यांनी या वेळी कानाशी नेलं नाही, बोटांवर तोलून हळू फिरवलं. वाळू अडकावी तशी बारीक खरखर बोटांना लागली. छर्रे धरून ठेवणाऱ्या आतल्या पिंजऱ्याला चीर गेली होती. घाटाच्या उतारावर ते कधी अडकलं असतं, कुणी सांगावं. नवं बेअरिंग घातलं. बाई गाडी घेऊन गेल्या. पुढच्या वेळी परत आल्या, आणि त्यानंतरही येत राहिल्या.

पण मिस्त्रींच्या जिवाला स्वस्थता नव्हती. वर्षभरात कानाने पास केलेले गिअरबॉक्स त्यांनी आठवून आठवून काढले. अकरा निघाले. ते दारोदार गेले, "एकदा उघडून बघू द्या," म्हणाले. एकजण हसला. एकाने गाडी कायमची दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. नऊ उघडले, त्यांतले दोन खरोखर बिघडलेले निघाले. डॉक्टरांनी कानात घालायला यंत्र दिलं, पण शेडमध्ये पाना पडला की डोक्यात घण बसायचा, म्हणून ते डब्यात गेलं.

आता ट्रायलला बायको शेजारी बसते.

"काही ऐकू येतंय?"

"किंऽऽ करतंय."

"किंऽऽ म्हणजे घासल्यासारखं की गुणगुणल्यासारखं?"

"मला नाही सांगता येत. तुम्ही दांड्यावर हात ठेवा आणि तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी दांडा मुठीत धरला आणि तिसऱ्यात ठेवून गाडी चढाला घातली. तळहाताखाली काहीतरी थरथरत होतं. त्यांनी गाडी शेडकडे परत वळवली.