सनईचा टोन मी कुणालाच दिला नाही

मंडळी, आज मांडवीतल्या एका दुकानात माझ्या जुन्या कीबोर्डची आतली बॅटरी बदलून घेतली आणि त्यात साठवलेले सगळे टोन, म्हणजे मी बनवलेले वाद्यांचे आवाज, पुसले गेले. दुरुस्तीवाला गुजरातीत म्हणाला, "भाई, बधुं गयुं." सगळं गेलं. मॅन्युअल मी घरी येऊन उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, आधी टोन दुसरीकडे उतरवून ठेवा.

बाकीचे गेले तर गेले. पण त्यात सनईचा एक टोन होता. बाबा लग्नांत सनई वाजवायचे. दम्यामुळे ती सुटली, तेव्हा शेजारी बसून त्यांनी माझ्याकडून तो बनवून घेतला. "अजून थोडा नाकातून येऊ दे," म्हणायचे. आता बाबा नाहीत.

गरब्यात वाजवणारे आम्ही आपला टोन कुणाला देत नाही. आमच्या ग्रुपमधल्या मेघनाने तीनदा मागितला होता. "घरचा आहे गं," म्हणून मी टाळलं.

आज तिलाच फोन केला. गुपचूप कॉपी केला होतास का, विचारलं. ती म्हणाली, "दादा, तुम्ही नाही म्हणालात ना? मग कसा घेणार?"

दुपारपासून नव्याने बनवायला बसलोय. नाकातून येतोय की नाही, हे सांगणार कोण?

तुमच्यापैकी कुणाकडे असेल का, असं इथे विचारणार होतो. पण मी दिला होता कुणाला?