पावणेतीन अंशांचे प्रधान

अंबरनाथच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करणाऱ्या चिंतामणी प्रधानांना माणसांचा तिटकारा होता, आणि तो लपवण्याइतकी सभ्यताही त्यांच्यापाशी नव्हती. शेजारी अडाणी, वरचे साहेब लाळघोटे, विज्ञान मंडळाचे अध्यक्ष शरदचंद्र तर नुसते हारतुऱ्यांचे धनी. या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्यांना एक करून दाखवायचं होतं. विश्वाच्या जन्मवेळची जी ऊब अजून आभाळभर उरली आहे, ती आपल्या गच्चीवरून मोजायची.

जवळच्या कॅम्प चार वस्तीतल्या पत्रेवाल्याकडून त्यांनी हातभर रुंद तोंडाचा कर्णा करून घेतला. "शादी का बैंड है क्या?" असं त्यानं विचारलं, म्हणून तोही अडाण्यांत जमा झाला. कर्ण्याला जोडलेल्या रेडिओत येणारी आभाळाची खरखर एखाद्या अतिथंड वस्तूशी ताडून पाहायची होती. ती वस्तू म्हणजे द्रव नायट्रोजन. बदलापूरच्या एका गुरांच्या दवाखान्यात त्याचा डबा असे. म्हशी फळवायला लागणाऱ्या रेड्याच्या बीजाच्या कांड्या त्यात बुडवून ठेवत. तिथला शिपाई हरिचंद्र दर रविवारी त्यातून थर्मास भरून देई. डब्यात किती उरलं, हे विचारणं प्रधानांना कमीपणाचं वाटे.

तीन वर्षं कधी नऊ आलं, कधी चौदा. चौऱ्याण्णवच्या थंडीत कर्णा तिरका करत करत वाटेतल्या हवेची ऊब किती ते काढलं, ती वजा केली आणि उत्तर आलं निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंश, अगदी हवं तेच. प्रधान गच्चीवर एकटेच हसले. शरदचंद्रांचं तोंड कसं होईल, याचाच आनंद जास्त होता.

दुसऱ्याच दिवशी बदलापूरकडचा नाथा शेतकरी दारात आला. "माजी म्हस उलटली," तो म्हणाला.

"उलटली तर चौघं मिळून उभी करा. माझ्याकडे काय क्रेन आहे?"

नाथानं शांतपणे समजावलं. म्हैस उलटली म्हणजे फळली नाही, गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दोनदा तेच झालं. डबा आटला, कांड्या मेल्या. हरिचंद्रानं कबूल केलं होतं.

प्रधान वरमले. मग उगाच ताठून त्यांनी आपला शोध सांगितला.

"हे आदी कुनालाच ठावं नव्हतं?" नाथानं विचारलं.

"तसं नाही. पुस्तकात आहे."

नाथानं त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"म्हंजे ठावं असलेलंच मोजलंत. आन् माजी पोरं वरीसभर कोरा चहा पितील."