वजा तीन नंबरची पोरगी

मेहकरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझा नंबर सांगितला, वजा तीन. जवळचं लख्ख दिसतं, लांबचं पुसट, चष्मा लावला की झालं, इतकं सोपं करून सांगितलं बिचाऱ्यांनी. पण आमच्या घरात सोपं काही शिरतच नाही. आत्या म्हणाली, शून्य म्हणजेच काही नाही, ही तर त्याच्याही खाली गेली.

मग गल्लीभर माझी तपासणी सुरू झाली. जो तो यायचा, माझ्या नाकाशी बोटं धरायचा आणि किती म्हणून विचारायचा. मी बरोबर सांगायची. झालं, डॉक्टर खोटा ठरला! जरा मागे सरून बोटं दाखवावीत, एवढी अक्कल एकालाही सुचली नाही. चष्मा तयार होऊन आला, तो आत्याने ज्वारीच्या कोठीत दडवला. चष्मेवाल्या पोरीला कोण करून घेणार, म्हणून.

तेवढ्यात दुसरबीडचं स्थळ आलं. मुलगा गुणाचा आहे, वय जरासं पुढे, असं बाबा म्हणाले. पाहायला आले तेव्हा त्याला दाराशी बसवलं आणि मला पार आतल्या भिंतीला. मला दिसला तो पांढरा सदरा आणि त्यावर एक काळपट गोळा. जन्म काढायचा तो या गोळ्याबरोबर! त्याच्या वहिनीने जवळ येऊन माझ्या हातात सुई-दोरा दिला. मुलीची नजर पारखायची आमच्याकडे हीच रीत. मी एका दमात सुई ओवली. सगळे खूश झाले.

आत गेल्यावर आत्याने विचारलं, पसंत ना?

"मले तो दिसलाच नाही. चष्मा दे."

"तुले काय करायचं पाहून? त्यायनं पाह्यलं ना तुले."

माझं डोकंच फिरलं. कोठीत हात घालून चष्मा काढला, पदराने पुसला आणि लावून बाहेर आले.

नवरदेवाच्या केसांचा कलप घामाने कानांवर उतरला होता. शेजारी बाबा बसले होते. दोघांत बाबाच तरुण दिसत होते.

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. पोरीला चष्मा आहे हे लपवलं, आमची फसवणूक केली, असं तणतणत सगळे उठले. कानावरचा ओघळ पुसत नवरदेवही म्हणाला, माणसाने असं फसवू नये.

ते गेल्यावर मी बाबांकडे पाहिलं.

"बाबा, तुमाले तर लांबचं चांगलं दिसते ना?"

ते सतरंजीकडे पाहत बसले.